आयांची मोळी

सोमवार, ४

सुटली एकदाची गाठ! मेलीने रडवलं. ओल्या टिपकागदाच्या पट्ट्या गुंडाळ, झाकून ठेव, सकाळी बघ, पुन्हा गुंडाळ. चामड्याची दोरी वाळून लाकडात रुतली होती. आणखी काही वर्षं तशीच राहिली असती तर काड्यांवर वळ उठले असते. आज जरा ढिली वाटली म्हणून चपट्या पट्टीने हळूच उचकटली, तर अख्खी दोरीच निसटली आणि काड्या भसकन टेबलभर पसरल्या. आतल्या थरांचे फोटो राहिले. टप्प्याटप्प्याचा फोटो काढा म्हणून शिकाऊ मुलींना मी घसा फोडून सांगत असते, आणि माझं हे असं. असू दे. बाहेरून चारी बाजूंनी काढलेत. आता एकेकीचा वेगळा काढला की झालं. काड्याच तर आहेत.

पाटीवर लिहिलंय, ‘लाकडी काड्यांची मोळी. वापर अज्ञात. भेट.’ कुणी कुणाला भेट दिली ते पाटी सांगत नाही. इतकी वर्षं संग्रहालयात काढल्यावर एवढं कळलंय, की ‘भेट’ दिसलं की फार खोलात शिरायचं नसतं.

आता ती ज्यांची होती त्यांच्याकडे परत चालली आहे. डोंगरापलीकडची माणसं, थोडीच उरलीत म्हणे. साहेबांनी काम माझ्यावर सोपवलंय. मी ठरवलंय, अशी पाठवायची की पेटी उघडल्यावर त्यांनी तोंडात बोट घालावं. प्रत्येक काडीला फोममध्ये तिची तिची जागा, तिच्याच आकाराची.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “म्हणजे आठवडाभर काड्या कुरवाळायचा तुला पगार मिळाला? मग आपल्या खिडकीची कडी कधीपासून अडकलीय, तिलाही जरा कुरवाळ.” या माणसाला कशाचं कौतुक नाही.

बुधवार, ६

फोम कापून झाला. उंचीप्रमाणे लावल्यात, लहान ते मोठी. काय दिसतंय म्हणून सांगू! प्रत्येक काडीच्या टोकाशी वेगळं काहीतरी आहे. एकीला पीळ, एकीला आरपार भोक, एक जळकी, एकीला बारीक खाचा, एक अगदी कोरी. मोळीत हे काहीच दिसत नव्हतं.

साहेब बघायला आले. यांना आम्ही पाठीमागे फीतसाहेब म्हणतो, कारण फीत कापायची असेल तिथे ते आधी हजर. म्हणाले, “बाई, तुमच्या हातात जादू आहे. कार्यक्रमात पेटी आपण उघडीच ठेवू.” मी वरवर म्हटलं, कसलं काय साहेब. पण दिवसभर हवेत होते.

शुक्रवार, ८

डोंगरापलीकडून फोन आला. एक तरुण मुलगी, बोलायला गोड. ती आणि तिची मावशी येणार आहेत. राहायचं कुठे, जिना किती, मावशीचे गुडघे दुखतात, वगैरे वगैरे. मग म्हणाली, “मॅडम, मावशीचं एकच सांगणं आहे. तुम्ही करणार नाहीच, पण तिने विचारायला लावलंय. मोळी कुणी सोडलेली नाही ना?”

मी विचारलं, का हो?

“त्या आमच्या आया आहेत. एक काडी म्हणजे एक आई. बाई गेली की तिची काडी बाहेरून लावायची आणि मोळी पुन्हा बांधायची. म्हणजे सगळ्यात आत पहिली आई, मग तिची लेक, मग लेकीची लेक. कुणाच्या पोटी कोण, ते त्या बांधणीतच आहे. दुसरीकडे कुठेच नाही. लिहायचं नाही असा आमच्याकडे नेमच आहे.”

मी म्हणाले, “छे छे, आहे तशीच आहे.”

जीभ झडली का नाही माझी? खोटं बोलायचं असं ठरवलंसुद्धा नव्हतं. तोंडातून निघून गेलं. फोन ठेवला तेव्हा समोर पेटी उघडी होती आणि सगळ्या आया उंचीप्रमाणे झोपवलेल्या. शाळेच्या फोटोला पोरं उभी करतात तशी मी त्यांना लावली होती, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

शनिवार, ९

सुट्टी असून गेले. साहेबांना घरून बोलावून घेतलं, सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “मग पुन्हा बांधा की. बाहेरचे फोटो आहेत ना? आतलं कोण बघतंय? बाई, पुढच्या आठवड्यात गुरुवारी त्या येताहेत, कार्यक्रमाची आमंत्रणं गेलीत. आता असलं काही बाहेर आलं तर परत देण्याचंच काम बारगळेल. त्यांचंच नुकसान. आहे की नाही?”

मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

दिवसभर बसून बांधली. बाहेरचा थर फोटोंवरून, तो अगदी बरोबर आहे, त्याबद्दल माझी खात्री आहे. आतला अंदाजाने. जी जास्त काळी ती जास्त जुनी, जी जास्त गुळगुळीत ती आणखी आत. याला काही आधार आहे का? आहे, थोडा आहे. नाही असं नाही. दोरी फोटोत होती तशीच वळवली, गाठ होती तशीच मारली. बेमालूम झालीय. माझ्याच विभागातल्या कुणाला दाखवली तरी ओळखू येणार नाही. आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम असेल हे, आणि कुणाला दाखवायची सोय नाही.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, तुझ्या आईच्या आईचं नाव काय? त्याला आलं. तिच्या आईचं? नाही आलं. “तुझं सांग,” म्हणाला. मलाही पणजीच्या पुढे काही येईना. पणजीचंसुद्धा सासरचंच नाव आलं. “का गं, काय झालं?” म्हणाला. काही नाही म्हटलं.

गुरुवार, १४

आल्या. मावशी एवढीशी आहे. हातात काठी, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण आवाज खणखणीत. भाचीने तिला जिन्यावरून जवळजवळ उचलूनच आणलं. मला बघून मावशी म्हणाली, “तूच का ती? इतकी वर्षं आमच्या आया सांभाळल्यास म्हणे. देव तुझं भलं करो.” मला वाटलं धरणी दुभंगावी.

त्यांची रीत अशी, की मोळी घराबाहेर काढण्याआधी तिच्यातल्या सगळ्यांना क्रमाने हाक मारायची. त्यासाठी मोळी त्यांच्यातल्या जाणतीनेच सोडायची, बाहेरून आत, लेकीकडून आईकडे. एकही हुकता कामा नये, नाहीतर राहिलेली मागेच राहते. ते मावशी करणार, आणि भाची तिच्याकडून ऐकून शिकणार, म्हणजे पुढे तिला येईल. मावशीने हे लहानपणी तिच्या आजीकडून नुसतं ऐकून पाठ केलंय. मोळी त्याआधीच गेलेली होती. म्हणजे ती आज पहिल्यांदा बघत होती, इतकी वर्षं तोंडी जपून ठेवलेलं. दुसरं कुणालाच येत नाही. भाची मला हळूच म्हणाली, “तिला भीती वाटत होती, आपण मोळी यायच्या आत गेलो तर काय.”

अभ्यासिकेत मऊ गादी घातली. मावशीने मोळी मांडीवर घेतली आणि गाठीवरून हात फिरवला. फिरवतच राहिली. मग तिने स्वतःच्या हाताने ती सोडली आणि बाहेरून आत एकेक काडी ओळीने मांडत, बोटांनी चाचपत हाका मारायला लागली. माझे डोळे त्या दोरीवरून हलेनात. आता कळेल, आता कळेल, एवढंच डोक्यात. मावशी बराच वेळ बोलत होती. सुरुवातीला भाची हसत होती, रडत होती. मग मध्येच मावशी थांबली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबली. मग काड्या बाजूला सारून, त्यांच्याकडे न बघता, डोळे मिटून सगळं सलग म्हणाली, हलक्या पण स्पष्ट आवाजात, शेवटपर्यंत. आणि डोळे उघडून काड्यांकडे बघत बसली.

गाठ कळली नाही. घरी येताना रिक्षात मी चक्क सुटकेचा श्वास टाकला. हेही लिहून ठेवते.

शुक्रवार, १५

आज मावशी हात जोडून काड्यांपुढे बसून होती. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, “पोरी, माझं डोकं कामातून गेलं गं. भोकाची ही जळकीची लेक, असं मी जन्मभर घोकलं. जळकीने आगीतून पोरं काढली, त्यातली ती एक. आणि इथे बघ, भोकाची तिच्या आत बसलीय. म्हणजे लेक नाही, आई झाली. त्याच्या पुढचं तर सगळंच उलटंपालटं आहे माझं.”

मी म्हणाले, “मावशी, कदाचित मोळीत काही...”

“मोळी कशी चुकेल? ती बांधणाऱ्यांनी बांधली. चूक माझीच. आजी सांगायची तेव्हा माझं लक्ष खेळात असायचं. फटके पण खाल्लेत त्यासाठी.” आणि ती हसली. म्हणाली, “इतकी वर्षं मी त्यांना चुकीच्या हाका मारत आले. आईला लेकीची लेक केलं मी. कोणत्या तोंडाने नेऊ त्यांना घरी?”

सांगायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात साहेब आले, मावशींना नमस्कार केला, पुढच्या गुरुवारच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलाल ना म्हणाले, आणि मी कप उचलून बाहेर पडले. कप! दोन माणसांचे दोन कप विसळायला मला अर्धा तास लागला.

सोमवार, १८

मावशीसाठी पाठीला गरम पाण्याची पिशवी नेली. तिच्यासाठी मऊ चपला नेल्या. भाचीला माझी शाल दिली, खोली गार असते. नवरा म्हणाला, “त्या बाईंची एवढी सेवा? माझ्या आईला कधी ग्लासभर पाणी दिलेलं आठवत नाही.” मी अशी काही अंगावर गेले त्याच्या, की बिचारा गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग मी मागोमाग गेले आणि सगळं सांगून टाकलं.

त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, “सांग ना मग त्यांना.”

“नोकरी जाईल.”

“जाईल कदाचित.”

“आणि कार्यक्रम? आणि मोळी परत जायचं थांबलं तर?”

“हे साहेबांचं बोलतेयस. तुझं सांग.”

माझं काय सांगू? नोकरी वगैरे काही नाही. ती म्हातारी माझ्याकडे बघून ‘देव तुझं भलं करो’ म्हणाली ना, तिने पुन्हा माझ्याकडे तसं बघितलं नाही तर, एवढीच भीती आहे. इतकी क्षुल्लक. नवरा म्हणाला, उद्या सांग. मी म्हटलं, उद्या.

तिकडे मावशी दिवसभर घोकत होती. काडीवर बोट, तोंडात नाव, पुन्हा पहिल्यापासून. अडखळली की स्वतःच्या गालावर चापट. भाचीला म्हणाली, “पहिल्या दिवशी मी जे म्हटलं ते डोक्यातून काढून टाक. ते माझं चुकलेलं. हेच खरं, हेच घे.” भाची शहाण्या मुलीसारखी मान हलवत होती.

मंगळवार, १९

जमलं! मावशीने आज सगळं न अडखळता म्हटलं, बाहेरच्या काडीपासून आतल्या काडीपर्यंत, काड्यांच्या क्रमाने. भाचीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मावशीचा चेहरा असा उजळला होता, कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच पोटभर जेवली म्हणाली भाची.

घरी येताना मला एक वेगळंच वाटायला लागलं. इतकं सुरळीत जुळलं, म्हणजे माझा अंदाज बरोबरच असेल का? काळी म्हणजे जुनी, गुळगुळीत म्हणजे आतली. काही चुकीचं नव्हतं त्यात. तिला खरोखरच वयोमानाने घोळ झाला असेल, आणि मोळी बघून मूळचं आठवलं असेल. का नसेल? नवऱ्याला तसं म्हटलं. तो ताटातलं जेवत राहिला. मला इतका राग आला त्याचा. आनंदाची गोष्ट घडली तर याला काय होतं हसायला?

बुधवार, २०

उद्या कार्यक्रम. फुलं आली, खुर्च्या आल्या, साहेबांनी फितीचा रंग दोनदा बदलला.

सकाळी अभ्यासिकेत गेले. मावशी एकटी होती, भाची खाली सामान बांधत होती. मी सहज, म्हणजे अगदी सहज नाही, कालचं मनात घोळत होतं म्हणून, विचारलं, “मावशी, मोळी बघून जुनं सगळं आठवलं ना शेवटी?”

“आठवलं कुठलं! जुनं सगळं खरवडून काढलं, तेव्हा कुठे हे बसलं. फार चिवट होतं गं ते. एक नाव घेतलं की दुसरं आपोआप यायचं, आजीच्या आवाजात यायचं. मी कान बंद करायचे. तिला म्हणायचे, आजे, गप्प बस, तुझं चुकलं होतं. आता नाही येत ती.”

मी खाली बसले. त्या गादीवरच, तिच्यासमोर. आणि सांगितलं. दोरी कशी निसटली, काड्या कशा पसरल्या, फोनवर काय म्हणाले, कशी बांधली. आतल्या काड्या मी माझ्या मनाने लावल्या, मावशी. आजीचं बरोबर होतं. तुमचं बरोबर होतं.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. आणि ती रागावली नाही. तिचं तोंड आनंदाने उघडलं. “म्हणजे मी विसरले नव्हते? बरोबर होतं माझं? आजे!” असं मोठ्याने म्हणाली. धडपडत उठली, दारापाशी जाऊन भाचीला हाका मारल्या. भाची पळत आली. मावशी म्हणाली, “बस. बस इथे. खरं सांगते आता. माझं खरं होतं.” आणि तिने काड्या पुढ्यात ओढल्या.

बाहेरच्या आल्या. आजीची आई, तिची आई, तिचीही आई. भराभर आल्या. मग जळकीवर तिचं बोट थांबलं. बोट भोकाच्या काडीकडे गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. तिने डोळे मिटले. ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, त्याच जागी थांबली. तिसऱ्यांदा सुरू केलं आणि या खेपेला थांबली नाही, सरळ पुढे गेली, माझ्या क्रमाने, शेवटपर्यंत, न अडखळता. शेवटचं नाव घेतल्यावर तिला कळलं आपण काय म्हटलं ते.

ती भाचीकडे वळली. “पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं. डोळे मिटून. सांग.”

भाची रडायला लागली. “तूच म्हणालीस काढून टाक म्हणून. मी नाही ठेवलं, मावशी. मी मुद्दाम नाही ठेवलं.”

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत राग अजूनही नव्हता. आशा होती, ते बघवेना. “तू होतीस ना, पोरी? इथेच, समोर बसली होतीस. शिकलेली आहेस, डोकं तल्लख आहे तुझं. मी काय म्हणाले होते?”

मी म्हणाले, “भोकाची ही जळकीची लेक.”

“हां! आणि पुढे? जळकीची आई कोण? पुढे सांग.”

तेवढंच मला माहीत होतं, आणि तेही शुक्रवारी चहाच्या वेळी ऐकलेलं. पहिल्या दिवशी ती सगळ्या आयांना, एकीमागून एक, शेवटच्या आईपर्यंत, माझ्यासमोर बसून हाका मारत होती. आजीनंतर जगात तेवढ्या एकदाच त्या कुणाच्या तरी कानावर बरोबर क्रमाने पडल्या असतील, आणि मी तिथे होते.

“मावशी,” मी म्हणाले, “मी ऐकतच नव्हते. तुम्हाला गाठ ओळखू येते की काय, तेवढंच बघत होते.”